आधी तळाला जा

वाचनालयाच्या मागच्या खोलीत पूर्वी वर्तमानपत्रांचे जुने गठ्ठे असत. ते कुठे गेले हे कुणी विचारलं नाही. एका उन्हाळ्यात त्यांच्या जागी टेबलं आली, टेबलांवर संगणक आले, आणि पुस्तकांच्या देवघेवीच्या काउंटरवरून उठून ती त्या खोलीत येऊन बसली. नेमणुकीच्या कागदावर तिचं काम साधं होतं. सकाळी यंत्रं सुरू करायची, लोकांना खुर्च्या दाखवायच्या, संध्याकाळी त्याच खुर्च्यांवरून त्यांना उठवायचं. खोलीला अजून जुन्या कागदाचा वास येत असे. पंखा फिरला की तो वास एका कोपऱ्यातून उठून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसे.

पण हळूहळू तिचं खरं काम वेगळंच होऊन बसलं. लोकांच्या हातात फोन आले, संगणकांपुढच्या खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या, तरी तिच्या टेबलापुढची गर्दी काही हटेना. लोक यायचे, फोन तिच्यापुढे सरकवायचे आणि विचारायचे, "ताई, हे खरं आहे का हो?" गाडी गेली का, असं विचारावं त्या सुरात. जगातली सगळी माहिती खिशात घेऊन हिंडणाऱ्या माणसांना शेवटी हो किंवा नाही म्हणणारं एक तोंड हवं होतं, आणि ते तोंड तिचं होतं.

तिची एक पद्धत होती. पान वरून वाचायचंच नाही. मथळा बघायचा नाही, फोटो बघायचा नाही, अंगठ्याने सरळ तळ गाठायचा. कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय, आणि लिहिणारा काय विकतोय, हे सगळं तळाशी सापडतं, असा तिचा अनुभव. "आधी तळाला जा," ती प्रत्येकाला सांगे. "वर माणूस नटून उभा असतो. तळाशी त्याच्या चपला दिसतात."

त्यावरून तिचं नाव पडलं तळबाई. कुणी ठेवलं कोण जाणे, पण ते चिकटलं. शाळकरी पोरं पाठीमागे म्हणत, म्हातारे तोंडावर म्हणत. मुख्य ग्रंथपालसुद्धा एकदा फोनवर "आमच्या तळबाईंना विचारून सांगतो" असं बोलून गेले आणि मग उगाच खोकत राहिले. तिने मनावर घेतलं नाही. मनावर घ्यायला मन ताजं लागतं. तिचं संध्याकाळपर्यंत पार पिळून निघालेलं असे. खरं, खोटं, खरं, खोटं. घरी जाताना रस्त्यावरच्या पाट्या, औषधांच्या जाहिराती, भिंतीवरची भित्तिपत्रकं, सगळ्यांवरून तिची नजर आपोआप खाली घसरायची. आणि तळाशी बहुतेक वेळा काहीच नसायचं. नुसती भिंत.

राहायला ती धाकट्या भावाकडे होती. लग्न तिने केलं नाही. का केलं नाही हे विचारणारे सगळे आता मरून गेले होते. भावाच्या घराला मागच्या बाजूने एक खोली होती, तिला वेगळं दार होतं, आणि त्या दाराचा उपयोग तिने कधी केला नाही. सकाळी स्वयंपाकघरात वहिनीबरोबर चहा, संध्याकाळी तिथेच जेवण.

भावाचं सलून चौकाच्या थोडं अलीकडे. दोन खुर्च्या, समोर लांबच लांब आरसा, कोपऱ्यात रेडिओ. एका खुर्चीवर त्याचा जोडीदार केस कापी. दुसरी खुर्ची भावाची, आणि तिच्यावर माणसं दाढीसाठी बसत. मशिनं आली, घरोघरी रेझर झाले, तरी काही माणसं आठवड्यातून एकदा त्याच्या वस्तऱ्याखाली मान टाकायला येतच राहिली. त्याला सगळे वस्ताद म्हणत. तो डाव्या हाताच्या बोटांनी गिऱ्हाइकाच्या गालावरून एकदा हलकेच हात फिरवी, केस कुठून कुठे वळलेत ते समजून घेई, आणि मगच वस्तरा उघडी. "दाढी डोळ्यांनी होत नाही," तो म्हणे. "डोळा फसतो. बोटांना विचारायचं."

हाच माणूस बाकी सगळ्या बाबतींत भोळा सांब होता. सलूनमध्ये दिवसभर लोक येणार, आपापल्या फोनमधलं एकेक वाचून दाखवणार, आणि संध्याकाळी वस्ताद ते घरी घेऊन येणार. साखर झाल्याचं कळलं त्या वर्षी त्याने हातात एक चुंबकाचं कडं घातलं. मग निळ्या बाटलीत पाणी भरून उन्हात ठेवू लागला. मग चपलेत घालायचे खडबडीत तळवे आणले आणि आठवडाभर लंगडत चालला. गोळी मात्र न चुकता घ्यायचा, तेवढं एक बरं.

"वन्सं, तुमच्या भावाला उद्या कुणी सांगितलं ना," वहिनी म्हणायची, "की उलटं लटकलं की केस काळे होतात, तर हा माणूस आधी गिऱ्हाइकं टांगेल."

"तुझे टांगतो आधी," तो म्हणे.

"माझे काळेच आहेत. डाय कुणाच्या दुकानातून येतो विचारा."

अशा हसण्याखिदळण्यात ती वहिनीच्या बाजूने असे. भावाने काही दाखवलं की ती अंगठ्याने तळ गाठे, "बोगस" म्हणे, आणि फोन परत करी. तोही वाद घालत नसे. ताईने बघितलं म्हणजे झालं.

एके दिवशी, वाचनालय बंद व्हायच्या सुमाराला, तो स्वतः तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. असा तो कधी यायचा नाही. अंगाला पावडरीचा वास, मनगटावर कुणाचे तरी पांढरे केस.

त्या दिवशी तिच्या डोक्याचा भुगा झाला होता. दुपारी एक निवृत्त गृहस्थ बक्षिसाचा संदेश घेऊन आले होते. ती खोटं म्हणाली, तर ते खुर्चीवरून उठून ओरडले, "तुम्हाला कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही, बाई!" सगळी खोली वळून बघत होती. त्यानंतर एक आई आली, तिच्यानंतर आणखी कुणी. आता ती एकेक यंत्र बंद करत चालली होती आणि तिला फक्त घरी जाऊन भिंतीकडे बघत बसायचं होतं.

"ताई, हे जरा बघतेस?"

"घरी दाखव ना."

"घरी ही हसते." त्याने फोन पुढे केला. "माझ्या बोटांना मुंग्या येतात ना, त्याचं आहे. दुकानात एकाने दिलं."

तिने उभ्याउभ्याच फोन घेतला. अंगठा नेहमीच्या वाटेने खाली गेला. तळाशी एक पट्टा लुकलुकत होता. कमरेला बांधा, साखर विसरा, आजच मागवा. लिहिणाऱ्याचं नाव नाही. तारीख नाही.

"बोगस."

"पण वर ते गोळीचं लिहिलंय बघ, आपल्या त्याच—"

"वर काय वाट्टेल ते लिहितील. पट्टा विकतायत तुला."

"पूर्ण वाच तरी."

"आधी कडं झालं, आता पट्टा. आता काय सगळं अंगच बांधून घेणार आहेस?"

तो हसला. नेहमीसारखा मोठ्याने नाही, तोंड मिटून. फोन घेऊन खिशात टाकताना त्याचा नेम चुकला आणि फोन खाली पडला. त्याने वाकून उचलला.

"मग मुंग्यांचं काय?" त्याने विचारलं.

"दिवसभर उभा असतोस. त्यात साखर. डॉक्टरांना सांग ना."

"सांगितलं होतं. साखरेनं होतं म्हणाले."

"मग झालं तर."

तिने दिवा मालवला. दोघं बरोबर घरी चालत आली. वाटेत तो जोडीदाराच्या मुलीच्या लग्नाबद्दल काहीतरी सांगत होता. ती हं हं करत राहिली.

त्यानंतर घरात बारीकसारीक गोष्टी होत राहिल्या. शर्टाची बटणं लावायला त्याला वेळ लागू लागला. एकदा कप हातातून निसटला. वहिनी म्हणाली, "चष्मा लावा," त्याने लावला, आणि कप पुन्हा निसटला. जेवताना तो स्वतःच्या बोटांकडे बघत बसायचा, नवख्या नोकराकडे मालकाने बघावं तसा. हे सगळं तळबाईच्या नजरेस पडत होतं. पण नजरेस पडणं वेगळं. दिवसभर लोकांची पानं बघून आल्यावर घरच्या माणसाकडे बघायला तिच्या डोळ्यांत काही उरत नसे.

मग एका सकाळी मास्तर वाचनालयात आले. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, रोज वर्तमानपत्राच्या टेबलाशी बसणारे, वस्तादचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या गालावर चिकटपट्टी होती.

"हे काय, मास्तर?"

"तुझ्या भावाची सही."

तिला हसू आलं आणि अर्ध्यावर थांबलं. मास्तर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले, आवाज खाली आणला.

"कापलं त्याचं काही नाही गं. या वयाला चेहऱ्याची कुठे काळजी. पण त्याला कळलंच नाही. रक्त गळ्यापर्यंत आलं तेव्हा आरशात दिसलं त्याला. असा बघत होता, जसं दुसऱ्याच कुणीतरी केलंय. मी म्हटलं, अरे होतं. तर वस्तरा मिटला, ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि म्हणाला, 'मास्तर, पुढच्या वेळेपासून जोडीदाराच्या खुर्चीवर बसा.'"

"आणि मग?"

"मग काय. अर्धी दाढी तशीच राहिली. ती जोडीदाराने उरकली." मास्तर चिकटपट्टीवरून बोट फिरवत राहिले. "दुकानात एवढी माणसं, सगळी खाली बघत बसली. रेडिओ तेवढा चालू होता."

त्याच आठवड्यात ती त्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. वहिनी येते म्हणत होती, पण ती म्हणाली मी जाते. का म्हणाली ते तिचं तिलाच कळलं नाही. बाकावर बराच वेळ बसल्यावर आत बोलावणं आलं. डॉक्टरीण वयाने लहान होती, पण तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं चांगली मुरलेली होती. तिने वस्तादला डोळे मिटायला सांगितलं आणि बोटांच्या टोकांवर एक बारीक टाचणी टेकवत गेली.

"टोचलं की सांगा, काका."

टाचणी एका बोटावर टेकली, दुसऱ्यावर टेकली, तिसऱ्यावर. तो डोळे मिटून शहाण्या मुलासारखा वाट बघत होता. टाचणी टेकलेली तळबाईला दिसत होती. त्याला ती कळत नव्हती.

"सुरू केलं का?" त्याने विचारलं.

डॉक्टरणीने टाचणी ठेवून दिली. पायांनाही असंच होतं का, विचारलं. होतं, तो म्हणाला, पण ते उभं राहून होतं असं वाटलं. मग तिने गोळ्यांचं पाकीट मागितलं, उलटसुलट करून बघितलं.

"ही किती वर्षं घेताय?"

"साखर झाली तेव्हापासून. एक दिवस चुकवली नाही," तो अभिमानाने म्हणाला.

"आणि बी ट्वेल्व्ह कधी तपासलं?"

"नाव वाचल्यासारखं वाटतं. काय असतं ते?"

ती त्याला समजावू लागली. गोळी चांगली आहे, बंद करायची नाही. पण ही गोळी बरीच वर्षं घेतली की काही जणांच्या रक्तातलं एक जीवनसत्त्व कमी होत जातं, आणि ते फार कमी झालं की नसा दुखावतात. अधूनमधून रक्त तपासून बघितलं की कळतं. वेळेवर कळलं की इंजेक्शनं देऊन सावरता येतं. साखरेनेही मुंग्या येतात, म्हणून पुष्कळदा सगळं तिच्यावरच ढकललं जातं. रक्ताचा अहवाल येईल तेव्हा नक्की कळेल.

"आणि उशिरा कळलं तर?" हे तळबाईने विचारलं.

"थोडं परत येतं," डॉक्टरीण म्हणाली. "सगळं येतंच असं नाही. आणखी काही महिने आधी आला असतात तर बरं झालं असतं."

ती दोघं बाहेर येऊन पुन्हा त्याच बाकावर बसली. समोरून एक माणूस ढकलगाडी रिकामीच ढकलत गेला.

"ते पट्टेवालं पान," वस्ताद म्हणाला. "बरोबर बोलत होतं की, ताई."

तो बोचून बोलला नाही. एखाद्या ओळखीच्या माणसाबद्दल उशिरा काही चांगलं कळावं, तसं बोलला. तेच तिला सहन झालं नाही.

"तू मला पूर्ण वाच म्हणाला होतास," ती म्हणाली.

"तू दमली होतीस गं."

अहवाल आला. त्यात डॉक्टरीण म्हणाली होती तेच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोली रिकामी झाल्यावर तिने ते पान शोधून काढलं. ते होतं तिथेच होतं. पट्टा लुकलुकत होता. तिने पहिल्यांदाच वरून वाचायला सुरुवात केली. ही गोळी म्हणजे विष आहे. डॉक्टर तुमच्यापासून लपवतात. आजच रात्री गोळी फेकून द्या. ओळीमागून ओळ नुसता खोटेपणा, तोही ओरडून ओरडून. वस्तादने यातलं ऐकून गोळी फेकली असती तर साखरेने त्याचं काय झालं असतं? म्हणजे तिने बोगस म्हटलं ते चूक नव्हतं. पण त्या सगळ्या आरडाओरड्याच्या मधोमध, कुठून तरी चोरून आणून बसवल्यासारखं, एक वाक्य होतं. ही गोळी वर्षानुवर्षं घेतल्यास बी ट्वेल्व्ह कमी होऊन हातापायांना मुंग्या येऊ शकतात, त्यासाठी रक्त तपासावं. शेवटी उद्गारचिन्हसुद्धा नव्हतं. साधा पूर्णविराम.

तिने ते एकच वाक्य उचललं आणि दुसरीकडे शोधलं. लगेच एका रुग्णालयाचं पान आलं. खाली डॉक्टरचं नाव होतं, तारीख होती, कुणी काही विकत नव्हतं. तेच लिहिलं होतं. त्याखालच्या पानावरही तेच. एवढं करूनही टेबलावरचा चहा अजून गरम होता.

परक्या माणसासाठी तिने एवढं केलं असतं. हे तिला पक्कं माहीत होतं, कारण कितीदा केलं होतं. अनोळखी बाईच्या सासऱ्याच्या गुडघ्यासाठी ती अर्धी दुपार घालवून बसली होती. भावाच्या वेळी तिने फक्त तळ बघितला. आणि खरं सांगायचं तर तोही पानाचा बघितला नव्हता. भाऊ फोन पुढे करतोय एवढं दिसताच निकाल लागला होता. कडं, निळी बाटली, खडबडीत तळवे. याने आणलेलं आणखी काय असणार?

संध्याकाळी वस्ताद जोडीदाराकडे गेला होता, तेव्हा तिने वहिनीला सगळं सांगितलं. वहिनी परातीत कणीक मळत होती. तिचा हात मळतच राहिला.

"मला का नाही दाखवलं त्यांनी?" ती शेवटी म्हणाली.

"तू हसली असतीस म्हणून."

"आणि तुम्ही नाही हसलात?"

वहिनीने कणकेवर पाण्याचा हात फिरवला, ती झाकून ठेवली. मग हात धुता धुता, पाठमोरीच म्हणाली, "मी चष्मा लावा म्हणत होते. नसा चालल्या होत्या आणि मी चष्मा लावा म्हणत होते." त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात उलटं टांगण्याचा विनोद कुणी केला नाही. तो विनोद गेला याचंही वस्तादला वाईट वाटत असावं.

इंजेक्शनं सुरू झाली. आधी पाय सुधारले. उजव्या हाताला थोडं थोडं कळू लागलं. कात्री धरता येई, मशीन चालवता येई. मग त्याने आणि जोडीदाराने खुर्च्या बदलल्या. केसांची खुर्ची याची, दाढीची त्याची. जोडीदाराचा वस्तरा वाईट नव्हता. पण मास्तर आता घरीच दाढी करत, आणि केस कापायला मात्र येत, तेही डोक्यावर फारसे नसताना. डाव्या हाताची बोटं तशीच राहिली. "हातमोजा घातल्यासारखं वाटतं," वस्ताद सांगे. "काढता येत नाही एवढंच."

वाचनालयात तळबाई धिमी झाली. लोक पूर्वीसारखेच फोन पुढे सरकवत, पण आता ती पान वरून वाचायला घेई. मध्येच थांबून विचारी, "यातलं नेमकं काय खरं आहे, ते विचारताय?" माणसं गोंधळत. त्यांना पूर्ण पानाचा निकाल हवा असे, हो किंवा नाही, म्हणजे उठून जाता येतं. पानातलं एकेक वाक्य सुटं करून बघायला कुणाला वेळ होता? तिच्या टेबलापुढे रांग लागू लागली. "तळबाई आता कादंबरी वाचतात," कुणीतरी म्हणालं. मुख्य ग्रंथपाल एकदा येऊन उभे राहिले, रांगेकडे बघून त्यांनी घड्याळाकडे बघितलं, आणि निघून गेले. ती पूर्वीहून जास्त थकत होती. पूर्वीच्या थकव्याला संध्याकाळी कुठेतरी काठ लागत असे. आता तो सकाळीच तिच्याआधी येऊन खुर्चीवर बसलेला असे. कधीकधी ती म्हणे, "हे मला माहीत नाही." हे वाक्य त्या खोलीत आधी कुणी ऐकलं नव्हतं. काहींना वाटलं, बाईचं वय झालं.

वस्तादने मात्र तिला काही दाखवणं बंद केलं होतं. घरी बोलणं होतं, चहा होता, सगळं होतं. फक्त फोन तिच्यापुढे येत नव्हता. तिने एकदा आडून विचारलं, "दुकानात हल्ली काही नवीन नाही का?" तर तो म्हणाला, "असतं की," आणि विषय बदलला. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून तो विचारत नाही, की आता आपल्यावर त्याचा भरवसा राहिला नाही, हे तिला ठरवता येईना. सगळ्या गावाच्या पानांचा निकाल लावणाऱ्या बाईला एवढं एक कळत नव्हतं. आणि ते कुठे शोधावं, हेही.

मग एके दुपारी, भर रांगेत, तो आला. रांगेत उभा राहिला. पुढच्या बाईने "वस्ताद, जा की पुढे, घरचं माणूस," म्हटलं, तर म्हणाला, "घरच्या माणसाला इथे उशिराच नंबर लागतो." बाई हसली. तळबाईने ते ऐकलं आणि समोरच्या माणसाच्या फोनमधून डोकं वर काढलं नाही.

त्याची पाळी आली तेव्हा त्याने फोन टेबलावर ठेवला. कुठलंसं तेल होतं. बोटांना चोळा, मेलेल्या नसा जिवंत करा.

"वाच," तो म्हणाला. "पूर्ण."

तिने चष्मा नीट केला आणि वरून सुरुवात केली. हळू आवाजात, पण त्यालाही ऐकू जाईल असं. वाचायला बराच वेळ लागला. मागे कुणीतरी पाय बदलला. तळाशी बाटलीचं चित्र होतं, नाव नव्हतं, तारीख नव्हती. तिथेही ती थांबली आणि ते सुद्धा त्याला वाचून दाखवलं.

"खोटं आहे असं वाटतं," ती म्हणाली.

"वाटतं?"

"वाटतं."

"मागच्या वेळी तर पक्कं होतं तुझं."

पंखा फिरला, जुन्या कागदाचा वास एका कोपऱ्यातून उठला. तिने बाजूच्या यंत्रापुढची रिकामी खुर्ची ओढली आणि आपल्या खुर्चीला लागून ठेवली.

"बस. यात एक वाक्य आहे, चोळण्याने रक्त फिरतं म्हणणारं. तेवढं एक उचलू आणि दुसरीकडे बघू. मग डॉक्टरणीला विचारू."

"डॉक्टरीण हसेल."

"हसू दे. मी आहे ना बरोबर."

तो बसला. ती फोन घ्यायला गेली, तर त्याने तो आपल्याकडे ओढला. "मी लिहितो," तो म्हणाला. उजव्या हातात फोन धरला, आणि डाव्या हाताचं बोट, ते हातमोज्यातलं, काचेवर नेलं. बोट काचेपाशी जाऊन थांबलं. त्याने मान तिरकी करून बघितलं, पण काच चकाकत होती आणि त्याला अंदाज येईना.

"टेकलं?" त्याने विचारलं.

तिने वाकून नीट बघितलं. घाई केली नाही. बोट आणि काच यांच्यात केसभर अंतर होतं.

"नाही अजून," ती म्हणाली. "थोडं खाली."

त्याने बोट खाली आणलं.

"आता?"

"टेकलं."

पहिलं अक्षर उमटलं. रांगेत कुणीतरी घसा खाकरला. त्याने बोट उचललं आणि दुसऱ्या अक्षराकडे नेलं, आणि काचेकडे न बघता तिच्याकडे बघत थांबला.